एका शेल्यांतले दोन तारे

मागील अंकांत आम्ही वसिष्ठ व अरुंधती यांच्याविषयीं चार शब्द लिहिले, त्यावर वाचकांकडून जीं पत्रें आलीं त्यांतील दोन आम्हांस विशेष आवडलीं. एका वाचकभगिनी विचारतात कीं, वसिष्ठ-अरुंधती हें आदर्श दांपत्य म्हणून लग्नांत दाखवितात खरें, पण त्यांच्यांत तर कोट्यवधि कोसांचें अंतर. याहून जवळ नांदणारें जोडपें आकाशांत नाहींच काय? दुसरें पत्र एका विद्यार्थ्याचें आहे. सूर्यावर डाग असतात हें त्यानें शाळेंत वाचलें. तसे ताऱ्यांवरही असतात काय, आणि असले तर जो तारा दुर्बिणींतूनही टांचणीच्या टोंकाएवढाच दिसतो त्याचे डाग कोणीं व कसे पाहिले, अशी त्याची शंका आहे. हे दोन प्रश्न वरवर पाहतां अगदीं भिन्न. पण त्यांचें उत्तर एकाच जातीच्या ताऱ्यांत सांपडतें, व तेंही सप्तर्षींच्या अंगणांतच.

आधीं जवळीकीचा प्रश्न घेऊं. ज्याला आपण वसिष्ठ म्हणतों तो दुर्बिणींतून पाहतां स्वतःच दुहेरी आहे, हें सतराव्या शतकांतच कळलें होतें. त्या दोहोंतील तेजस्वी तारा पुन्हां दुहेरी असल्याचें १८८९ सालीं त्याच्या वर्णपटावरून उघडकीस आलें. त्या दोघांची एकमेकांभोंवतालची प्रदक्षिणा सुमारें साडेवीस दिवसांत पुरी होते. साडेवीस दिवस ही मुदत लहानच. पण खऱ्या निकट सहवासाच्या दृष्टीनें पाहतां हें दांपत्यही दूरचेंच म्हणावें लागेल.

इसवी सन १९०३ मध्यें जर्मनींतील पॉट्सडॅम येथील वेधशाळेंत म्यूलर व केंप्फ हे दोघे ज्योतिषी ताऱ्यांचें तेज मोजण्याचें काम करीत होते. सप्तर्षींच्या परिसरांतील एका अंधुक ताऱ्याचें माप त्यांना प्रत्येक वेळीं वेगळें येऊं लागलें. नीट लक्ष ठेवतां दिसून आलें कीं, हा तारा चार तास व तेरा सेकंद एवढ्या अवधींत मंदावून पुन्हां पूर्ववत् तेजस्वी होतो. इतक्या थोड्या वेळांत रूप पालटणारा तारा तोंपर्यंत कोणास ठाऊक नव्हता. जवळजवळ सारख्याच आकाराचे व सारख्याच तेजाचे दोन गोल एकमेकांस भिडण्याच्या बेतांत येऊन फिरत असावेत व आळीपाळीनें एकमेकांस झांकीत असावेत, असें अनुमान त्यांनीं केलें, आणि तें खरें ठरलें. एका फेऱ्यांत दोनदां ग्रहण लागत असल्यामुळें खरी प्रदक्षिणा दुप्पट काळाची, म्हणजे आठ तास व सुमारें सव्वीस सेकंद इतकी भरते. सकाळीं घरांतली मंडळी कचेरींत जाऊन संध्याकाळीं परत येईपर्यंत तिकडे एक ‘वर्ष’ उलटलेलें असतें!

या ताऱ्याचें नांव डब्ल्यू अर्से मेजॉरिस. या जातीच्या सर्व ताऱ्यांस आतां त्याच्याच नांवानें ओळखतात. आपल्यापासून तो सुमारें १७० प्रकाशवर्षांवर आहे. जोडींतील थोरला सूर्याहून किंचित् जड, तर धाकटा सूर्याच्या निम्म्याच्या आसपास. दोघांच्या मध्यबिंदूंतील अंतर जेमतेम सतरा लाख किलोमीटर. आपल्या एकट्या सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटर आहे हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही जवळीक काय प्रकारची आहे याची कल्पना येईल. बुध हा सूर्याचा सर्वांत जवळचा ग्रह. त्याचें सूर्यापासूनचें अंतर याच्या चौतीसपट आहे. इतक्या जवळ आल्यावर ताऱ्यांचा गोल आकार टिकत नाहीं. एकमेकांच्या ओढीनें दोघेही लांबट होतात, त्यांचीं टोंकें एकमेकांस चिकटतात, आणि बाहेरचें तप्त वायूचें आवरण दोघांभोंवतीं मिळून एकच राहतें. भुईमुगाच्या शेंगेंत दोन दाणे असावे, त्यांतून एक मोठा व एक बारीक असावा, तसें हें रूप आहे. आम्हांस मात्र बोहल्यावरच्या शेल्याची आठवण होते. फरक इतकाच कीं तेथें गांठ मारावी लागते, येथें शेलाच एक आहे.

अशा जोडीचें तेज घटकाभरही स्थिर राहत नाहीं. साध्या पिधानकारी जोडीचें तेज बराच वेळ सारखें राहून ग्रहणाच्या वेळींच खालीं येतें. येथें तसें नाहीं. शेंग आडवी दिसते तेव्हां तिचा मोठा पृष्ठभाग आपल्या समोर असतो व तेज सर्वांत अधिक. ती फिरूं लागली कीं समोरचा भाग कमी होत जातो, मग ग्रहण लागतें, तें सुटतें न सुटतें तोंच पुन्हां चढ. कागदावर वेळेच्या आडव्या मापावर तेजाच्या खुणा करून त्या जोडल्या तर जी रेघ निघते तिला आपण तेजोरेखा म्हणूं. ती लाटेसारखी गुळगुळीत दिसते: दोन शिखरें, दोन दऱ्या. शिखरावर या ताऱ्याची प्रत ७.७५, दरींत ८.४८, म्हणजे दर चार तासांनीं त्याचें तेज जवळजवळ निम्म्यावर येतें.

येथें एक कोडें उत्पन्न होतें. दोन्ही दऱ्या जवळजवळ सारख्याच खोल, म्हणजे दोन्ही ताऱ्यांच्या पृष्ठाची उष्णता जवळजवळ सारखी. पण ज्याचें वजन निम्मे त्याचें तेज कितीतरी पटींनीं कमी असावें, हा ताऱ्यांचा नेहमींचा नियम आहे. मग धाकटा थोरल्याच्या तोडीस तोड तापलेला कसा? कायपर या ज्योतिष्यानें १९४१ सालींच अशा चिकटलेल्या जोड्यांची अडचण दाखवून दिली होती. तिचा उलगडा १९६८ सालीं लूसी यांनीं केला. बाहेरचें आवरण एकच असल्यामुळें व त्यांत उकळत्या पाण्यासारखी सतत खळबळ चालू असल्यामुळें थोरल्याच्या पोटांत उत्पन्न होणारी उष्णता त्या वाटेनें धाकट्याच्या अंगावर पसरते. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस हें अधिक फोड करून सांगण्याची गरज नाहीं. मिळकत एकाची जास्त व दुसऱ्याची बेताची, पण चूल एक, पंगत एक. बाहेरून पाहणारास दोघेही सारखेच खाऊनपिऊन सुखी दिसतात. थोरल्याचें तेज त्यामुळें जरा कमी भरतें ही गोष्टही तितकीच खरी.

आतां डागांकडे वळूं. तेजोरेखेंतील दोन शिखरें सारख्या उंचीचीं असावयास पाहिजेत. शेंग या अंगानें आडवी दिसली काय किंवा त्या अंगानें, पृष्ठभाग तेवढाच. प्रत्यक्षांत मात्र पुष्कळ जोड्यांत एक शिखर दुसऱ्याहून शेंकडा कांहीं थोड्या अंशांनीं ठेंगणें निघतें. पूर्वीं असें समजत कीं, हे तारे लंबवर्तुळांत फिरत असून ते एकमेकांच्या अगदीं निकट येतात तेव्हां उजळतात. सिडनीजवळच्या रिव्हरव्ह्यू वेधशाळेचे संचालक फादर ओकॉनेल या जेसुइट धर्मगुरूंनीं पुष्कळ जोड्यांचीं मापें एकत्र करून १९५१ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला त्यांत ही समजूत टिकत नाहीं असें दाखविलें. हे पुढें व्हॅटिकनच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. शिखरांच्या या असमानतेस आज त्यांचेंच नांव आहे.

या असमानतेचीं कारणें एकाहून अधिक सुचविलीं गेलीं आहेत; पण या जातीच्या थंड ताऱ्यांत सर्वांत पटणारें कारण डागांचेंच. १९७५ च्या सुमारास हा विचार जोरानें पुढें आला. सूर्यावरील डाग म्हणजे चुंबकत्वाच्या जोरानें आंतून वर येणारी उष्णता जेथें अडते ती जागा. आसपासच्या पृष्ठाची उष्णता साडेपांच हजार अंश, तर डागाची हजार-दीड हजारांनीं कमी. म्हणून ती जागा काळी भासते, एरवीं ती काळी नसतेच. हें चुंबकत्व उत्पन्न व्हावयास दोन गोष्टी लागतात: पृष्ठाखालीं वायूची खळबळ आणि स्वतःभोंवतीं फिरण्याचा वेग. सूर्य स्वतःभोंवतीं सुमारें पंचवीस दिवसांत एकदां फिरतो. आपली जोडी आठ तासांत, म्हणजे त्याच्या पंचाहत्तरपट वेगानें. सूर्याच्या डागांनीं त्याच्या पृष्ठाचा शेंकडा एक अंशही व्यापत नाहीं. या जोड्यांवर मात्र डाग एवढे विस्तीर्ण असतात कीं, डागाची बाजू आपल्याकडे आली म्हणजे शिखराची उंचीच घटते. आज पहिलें शिखर ठेंगणें, दोन वर्षांनीं दुसरें, मध्येंच दोन्ही सारखीं, असा खेळ वृषपर्वा राशींतील व्हीडब्ल्यू सेफेई या जोडींत पुष्कळ वर्षें पाहिला गेला आहे. तिची प्रदक्षिणा तर पावणेसात तासांचीही नाहीं.

आमच्या विद्यार्थिमित्राच्या शंकेचें अर्धें उत्तर यांत आलें: डाग दिसत नाहींत, त्यांची तूट दिसते. दुसरें अर्धें वर्णपटांत आहे. फिरत्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते व दुसरी दूर जात असते, त्यामुळें वर्णपटांतील प्रत्येक काळी रेघ दोन्ही बाजूंस पसरते. पृष्ठावर डाग असला तर त्या पसरट रेघेंत एक लहानसा उंचवटा उठतो, व तारा फिरेल तसा तो रेघेच्या एका कडेकडून दुसरीकडे सरकतो. किती वेळांत व किती सरकला यावरून डाग कोठें आहे याचा नकाशा काढतां येतो. व्हीडब्ल्यू सेफेईचे असे नकाशे २००० सालीं प्रसिद्ध झाले, दक्षिण आकाशांतील एई फिनिसिस या जोडीचे २००४ सालीं. ज्याची आकृति कोणीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं त्याच्या अंगावरील तीळ दाखविणारे हे नकाशे पाहून आम्हांस तरी धन्य वाटलें.

परंतु हे डाग नुसते शोभेचे नाहींत. ते घड्याळही बिघडवितात. तो प्रकार जरा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण त्यांत या जोड्यांच्या भवितव्याचा प्रश्न गुंतलेला आहे.

चुंबकत्वाबरोबर या ताऱ्यांतून विद्युद्भारित कणांचा वारा बाहेर वाहतो, व तो जातांना जोडीच्या फिरण्याचा जोर थोडाथोडा काढून नेतो. गमतीची गोष्ट ही कीं, जोर गमावल्यानें जोडी मंद होत नाहीं. दोघे अधिक जवळ सरकतात व प्रदक्षिणा लहान होते. असें होतां होतां एके दिवशीं ते एकमेकांत विलीन होणार. हा केवळ तर्क नव्हे. २००८ च्या सप्टेंबरांत वृश्चिक राशींत एक तांबूस नवतारा एकाएकीं प्रकटला. जपानी हौशी निरीक्षकांनीं तो प्रथम पाहिला. त्याच जागेचीं छायाचित्रें चिलींतील एका दुर्बिणीवर पोलंडचे ज्योतिषी कित्येक वर्षें घेत आले होते. तिलेंदा व त्यांचे सहकारी यांनीं तीं जुनीं मापें उकरून २०११ सालीं प्रसिद्ध केलीं, तेव्हां सर्वांस आश्चर्य वाटलें. तेथें पूर्वीं सुमारें १.४ दिवसांत प्रदक्षिणा करणारी एक चिकटलेली जोडी होती. तिचा काळ वर्षानुवर्षें अधिकाधिक वेगानें घटत गेला होता, तेजोरेखेंतील दोन शिखरांपैकीं एक हळूहळू बसत जाऊन शेवटीं नाहींसें झालें होतें, आणि मग तो स्फोट. दोन तारे एक होतांना मनुष्यानें आधींपासून अखेरपर्यंत पाहिल्याची ही पहिली नोंद. तिचें नांव व्ही १३०९ स्कॉर्पिआय.

एकदां हा दाखला मिळाल्यावर पुढची जोडी कोणती, असा शोध सुरू झाला, आणि अमेरिकेंतील कॅल्व्हिन कॉलेजचे प्राध्यापक मोल्नर यांच्या दृष्टीस हंस राशींतील एक जोडी पडली. तिला केआयसी ९८३२२२७ असा नुसता आंकडाच आहे. अंतर अठराशें-एकोणीसशें प्रकाशवर्षें, प्रदक्षिणा सुमारें अकरा तासांची. केप्लर दुर्बिणीनें २००९ ते २०१३ पर्यंत तिच्यावर जवळजवळ अखंड नजर ठेविली होती, व १९९९ सालचीं जमिनीवरून घेतलेलीं मापेंही उपलब्ध होतीं. सर्व जुळवून पाहतां काळ घटतो आहे, व तो वृश्चिकांतल्या त्या जोडीसारखाच घटतो आहे, असें दिसलें. २०१७ च्या जानेवारींत मोल्नर यांनीं जाहीर केलें कीं, २०२२ च्या सुमारास हे दोन तारे एक होतील व तो नवतारा नुसत्या डोळ्यांनीं दिसेल. एखाद्या ताऱ्याच्या स्फोटाचा मुहूर्त आगाऊ काढणें हें मोठेंच धाडस. वर्तमानपत्रांनीं ती बातमी जगभर नेली. (तें खरें ठरलें असतें तर ती घटना वस्तुतः पैठणास सातवाहनांचें राज्य होतें तेव्हांच घडून गेली असती, व तिचा प्रकाश आतां पोंचला असता.)

असल्या भाकितांत डाग कसे आडवे येतात पाहा. ग्रहणाचा मध्य कोणत्या क्षणीं झाला यावर सारा हिशेब. पण ताऱ्याच्या एका अंगास डाग असला तर तेजोरेखेंतील दरी एका बाजूस कलते, व तिचा तळ कांहीं मिनिटें पुढें किंवा मागें गेल्यासारखा दिसतो. डाग सरकला कीं तळही सरकतो. मग तारे आपल्या जागीं नियमानें फिरत असतांही आपणांस वाटतें कीं त्यांचा काळ बदलतो आहे. केप्लरच्या मापांवरून २०१३ सालीं कांहीं संशोधकांनीं यावर एक सुंदर तोडगा दाखविला: डागामुळें एक ग्रहण उशिरां आल्यासारखें वाटलें तर दुसरें बहुधा लवकर आल्यासारखें वाटतें, खरा काळ बदलला असेल तर दोन्ही एकाच बाजूस सरकतील. दोन साक्षीदारांच्या जबान्या ताडून पाहण्याचीच ही रीत. पुष्कळ जोड्यांत दूरवरून फिरणारा तिसरा तारा असतो, तोही वेळा मागेंपुढें करतो, तें निराळेंच.

हंसांतील जोडीच्या बाबतींत मात्र चूक डागांचीही नव्हती व तिसऱ्याचीही नव्हती. ती कागदावरची होती. सॅन डिएगो येथील विद्यापीठांतील क्वेंटिन सोशिया या विद्यार्थ्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं व्हल्कन नांवाच्या एका ग्रहशोधन-योजनेंतील २००३ सालचीं अप्रसिद्ध मापें काढून पाहिलीं. भाकिताप्रमाणें ग्रहण ज्या वेळीं असावयास हवें त्या वेळीं तें नव्हतें. केप्लरचीं मापें बरोबर, व्हल्कनचींही बरोबर. मग राहिलीं १९९९ चीं. तीं तपासतां असें आढळलें कीं, २००४ सालीं छापलेल्या एका निबंधांत त्या ग्रहणाची वेळ देतांना लेखनदोष झाला होता, आणि तो नेमका बारा तासांचा. २०१८ सालीं हें प्रसिद्ध झालें, व मोल्नर यांनींही तें मान्य केलें. तो एक आंकडा सुधारतांच घटणारा काळ घटेनासा झाला. २०२२ साल आलें व गेलें. जोडी जागच्या जागीं आहे.

आमच्या मतें या सर्वांत मौजेची गोष्ट ती बारा तासांची. पांच तासांची चूक असती तर ती कोणाच्याही तेव्हांच लक्षांत आली असती. पण जी जोडी अकरा तासांत एक फेरा करते तिच्या ग्रहणांत बारा तासांची चूक म्हणजे एक फेरा उलटून राहणारी फक्त एका तासाची चूक. आणि एक तास म्हणजे आठ-दहा वर्षांत साठण्याजोगी, अगदीं पटण्याजोगी तफावत! पाश्चात्य ज्योतिषी ताऱ्यांच्या वेळा ज्या अखंड दिनगणनेनें लिहितात, म्हणजे त्यांचा अहर्गण, तिचा दिवस मध्यान्हीं सुरू होतो, कीं जेणेंकरून युरोपांत बसलेल्या निरीक्षकाच्या एका रात्रीचे दोन दिवस होऊं नयेत. तिचेंच जें आटोपशीर रूप हल्लीं रूढ आहे त्याचा दिवस मध्यरात्रीं सुरू होतो. दोहोंत फरक बरोबर अर्ध्या दिवसाचा. आपल्याकडेही आर्यभटानें एका ग्रंथांत सूर्योदयापासून व दुसऱ्या पद्धतींत मध्यरात्रीपासून दिवस मोजला, व त्यावरून पुढच्या टीकाकारांनीं त्याला बोल लाविला. ज्यांच्या घरीं पंचांग रोज उघडलें जातें त्यांना तिथि कोणत्या क्षणीं लागली यावरून होणारे वाद सांगावयास नकोत.

ज्या घरीं द्विनेत्री दुर्बीण असेल त्यांनीं डब्ल्यू अर्से मेजॉरिस स्वतः पाहावा. चैत्रांत रात्रीं साडेनऊच्या सुमारास तो उत्तरेकडे पुरेसा उंच आलेला असतो. सप्तर्षींच्या चौकोनांतील क्रतु व पुलह या दोहोंत जितकें अंतर आहे त्याच्या दुप्पट पुलहापासून सरळ पश्चिमेस मोजावें. तेथें वरखालीं असे दोन मध्यम तेजाचे तारे आढळतील, त्यांच्या जवळजवळ मधोमध हा आहे. शहराच्या दिव्यांत तो दिसणार नाहीं. सुटींत गांवीं गेल्यावर गच्चीवर किंवा अंगणांत बसावें. शेजारचे दोन-तीन अंधुक तारे मापासाठीं निवडून दर पंधरा मिनिटांनीं हा त्यांच्याहून अधिक कीं उणा एवढेंच वहींत लिहावें. आठापासून बारापर्यंत बसलें तर एक दरी व एक शिखर हमखास हातीं लागतें. वही आमच्याकडे पाठविल्यास पुढील अंकांत तेजोरेखा छापूं; मात्र वेळ लिहितांना बारा हे रात्रीचे कीं दुपारचे, तें कृपा करून स्पष्ट लिहावें.